रिज्कचा भरवसा आणि थानाची घडी

व्यापारी बंधूंनो, रिज्क देणारा अल्लाह आहे असे आपण सारेच म्हणतो. पुष्कळ दुकानांत गल्ल्याच्या वर तसा तुगराही टांगलेला असतो. पेमेंट वेळेवर येत असते तोवर असे म्हणायला काही लागत नाही. खरी परीक्षा तंगीत होते. माल पडून राहिला, देणेकरी दारात उभा राहिला, की मनात शंका शिरते. व्यापाऱ्याची शंका तोंडाने क्वचितच बाहेर पडते. ती मापात उतरते आणि उधारीच्या वहीत उतरते.

सूरह हूदच्या सहाव्या आयतीचा आशय असा की, जमिनीवर वावरणाऱ्या प्रत्येक जिवाची रोजी अल्लाहने आपल्या जिम्म्यावर घेतली आहे. जिम्मा म्हणजे काय हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. भरवशाचा दलाल मध्ये असला की आपण अनोळखी पार्टीलाही माल देतो आणि रात्री झोपतो. अल्लाहच्या जिम्म्यावर मात्र आपली झोप उडते!

काही भाऊ तवक्कुलचा अर्थ हातावर हात ठेवून बसणे असा घेतात. तिर्मिजीच्या हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पक्ष्यांचे उदाहरण दिले आहे. ते सकाळी उपाशी निघतात आणि संध्याकाळी पोट भरून परततात. निघतात, हे लक्षात घ्यावे. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतील सारे सोडून मदीनेत आले. हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी त्यांना आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि बाजार कुठे आहे एवढेच विचारले. बनू कैनुकाच्या बाजारात जाऊन त्यांनी पनीर-तुपापासून सुरुवात केली. ही हकीकत सहीह बुखारीत आहे.

आता आमची गोष्ट. आम्ही मालेगावात ग्रे कापडाचा धंदा करतो. 25 मार्च 2020 पासून लॉकडाउन लागला आणि माग थांबले. ज्या गावात खडखडाट थांबला की लोकांना झोपमोड झाल्यासारखे वाटते, तिथे महिनोन्‌महिने शांतता होती. आमचा काही माल गोदामात, काही राजस्थानात प्रोसेसला अडकलेला. घेणे येईना आणि सूतवाल्याचे देणे थांबेना. त्या रमजानमध्ये मशिदीही बंद होत्या. घरी तरावीह पढताना आमचे लक्ष आयतीत कमी आणि हुंडीच्या तारखेत जास्त असे. देणारा खरोखर देणार आहे का, असा प्रश्न मनात आला होता. तो लपवण्यात अर्थ नाही.

माग पुन्हा सुरू झाल्यावर एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला, "शेठ, घडी दोन सेंटिमीटर आत घ्या. कोण मोजतो?" हिशेब सरळ होता. शंभर घड्यांच्या थानात दोन मीटर सुटतात. पाचशे थानांत हजार मीटर. आमचे देणे त्यात बरेचसे हलके झाले असते. दोन दिवस आम्ही तो आकडा मनात घोळवला. मग सूरह मुतफ्फिफीन आठवली. लहानपणी उर्दू शाळेत उस्तादांनी ती पाठ करून घेतली होती. मापात कमी देणाऱ्यांच्या बरबादीनेच तिची सुरुवात होते. ज्याच्या जिम्म्यावर रोजी आहे असे म्हणायचे, त्याच्याच हुकुमाविरुद्ध दोन सेंटिमीटर चोरून रोजी वाढवायची, हा कसला भरवसा? घडी पुरी ठेवली. देणे फेडायला आम्हाला दीड वर्ष लागले आणि घरातले थोडे सोनेही गेले, हेही सांगितले पाहिजे.

उधारीचा प्रश्न याहून कठीण निघाला. दोन लहान मागवाल्यांकडे आमच्या सुताचे पैसे अडकले होते. त्यांचे माग भंगारात विकायला लावले असते तर काही रक्कम लगेच हातात आली असती. तेव्हा पुष्कळांचे माग तसेच गेले. सूरह बकराच्या 280 व्या आयतीत तंगीत असलेल्या कर्जदाराला ऐपत येईपर्यंत मोहलत देण्याचा हुकूम आहे. पण मोहलत देणाऱ्याचीच तंगी असेल तर काय? घरात यावर वाद झाला. मोठा मुलगा म्हणाला, "अब्बा, आपल्याला कोण मोहलत देतो?" त्याचे म्हणणे चूक नव्हते. शेवटी आम्ही दोघांनाही वेळ दिला, आणि सूतवाल्याकडे जाऊन स्वतःसाठीही वेळ मागून आणला.

पहिल्याने 2022 पर्यंत पै न् पै फेडली. दुसऱ्याची रक्कम आजही वहीत आहे. दर रमजानला जकातीचा हिशेब मांडताना त्या पानावर हात थांबतो. त्याचे माग चालू आहेत, चार मुले शिकत आहेत. बाजारात भेटला की सलाम आधी तोच करतो.