न फोडता आतलं कसं कळेल? (इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधला लेप, डिंक आणि त्यांची तपासणी)



मडकं घेताना आपण ते वाजवून बघतो. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. फोडून बघितलं तर खात्री पटेल, पण मग पाणी कशात भरणार? वस्तू न मोडता तिच्या आतली स्थिती ओळखण्याचं एक मोठं शास्त्र आहे. आज ते आपण इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उदाहरणातून समजून घेऊ.

लेप कुठे असतो?

टीव्ही, चार्जर, वॉशिंग मशीन यांच्या आत एक हिरवी पाटी असते. दुरुस्तीवाले तिला 'पीसीबी' किंवा 'कार्ड' म्हणतात. तो हिरवेपणा म्हणजे पॉलिमरचा पातळ थर. तो तांब्याच्या रेघा झाकतो. दमट किंवा धुळीच्या जागी वापरायच्या कार्डावर आणखी एक पारदर्शक लेप देतात: अ‍ॅक्रिलिक, पॉलियुरेथेन, सिलिकॉन किंवा इपॉक्सीचा. बरेचसे लेप साधारण ३० ते १३० मायक्रोमीटर जाडीचे, म्हणजे जवळपास आपल्या केसाएवढे असतात. पितळेच्या भांड्याला जशी कल्हई, तसा कार्डाला हा लेप. शिवाय काही भाग डिंकासारख्या चिकट पदार्थाने जागच्या जागी बसवलेले असतात.

तो खराब का होतो?

उष्णता, ओलावा, ऊन आणि खारी हवा ही मुख्य कारणं. कार्ड तापलं की तांबं आणि पॉलिमर सारखे फुगत नाहीत. रोजच्या तापण्या-थंड होण्यात ओढाताण होते आणि थर हळूहळू सुटतो. त्या फटीत ओलावा शिरला की तांबं गंजतं, दोन रेघांमध्ये वीज झिरपते, कधी शॉर्टसर्किट होतं. घरातला टीव्ही बंद पडला तर फार तर मालिका चुकेल. पण असंच कार्ड गाडीच्या ब्रेकमध्ये आणि दवाखान्यातल्या यंत्रातही असतं. शंभरातली पाच कार्डं कापून बघितली, तर खात्री त्या पाचांचीच. वापरात जाणार उरलेली पंचाण्णव!

न फोडता तपासायच्या पद्धती

१) आवाज: कार्डाचा भाग पाण्यात ठेवून त्यावर सेकंदाला कोट्यवधी कंपनांचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात. थर नीट चिकटलेला असेल तर बराचसा आवाज पुढे जातो. मध्ये हवेची फट असेल तर जवळपास सगळा परत येतो. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढी बारीक फटही अशी सापडू शकते.

२) निळा दिवा: अनेक लेपांत अतिनील प्रकाशात चमकणारा पदार्थ मिसळलेला असतो. नोटा तपासायच्या दिव्यासारख्या दिव्याखाली लेप निळसर चमकतो, उघडी राहिलेली जागा काळी दिसते.

३) उष्णता: पृष्ठभाग क्षणभर तापवून खास कॅमेऱ्याने बघतात. थर सुटला असेल तिथली उष्णता खाली जाऊ शकत नाही, म्हणून ती जागा जास्त वेळ गरम दिसते.

४) वीज: इलेक्ट्रिशियन मेगरने वायरिंग तपासतात, तसाच दोन रेघांमधला विद्युतरोध मोजतात. तो कमी होत गेला, तर लेपाखाली ओलावा किंवा मळ गेल्याची शंका येते.

५) अवरक्त किरण: लेपातले कोणते रेणू हे किरण किती शोषतात, यावरून त्याची ऑक्सिजनशी किती अभिक्रिया झाली, म्हणजेच तो किती 'म्हातारा' झाला, ते कळतं.

मुलं विचारतीलच, "मग एक्स-रे का नाही?" एक्स-रेमध्ये धातू स्पष्ट दिसतो, पण पॉलिमरचा पातळ थर जवळजवळ आरपार जातो. सोल्डरचा जोड तपासायला एक्स-रे छान, सुटलेल्या लेपासाठी फारसा उपयोगी नाही.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा

कधी दोन थर एकमेकांना अगदी टेकलेले असतात, पण चिकटलेले नसतात. मध्ये फट नाही, त्यामुळे आवाज आरामात पलीकडे जातो आणि अहवाल येतो, "ठीक आहे." पण जरा धक्का बसला की थर सुटतो! जोड किती घट्ट आहे, हे न तोडता खात्रीने सांगणं आजही अवघडच आहे. म्हणून जाणकार एका पद्धतीवर थांबत नाहीत. दोन-तीन पद्धती वापरतात, आणि काही नमुने ८५ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत, अनेकदा १००० तास ठेवून मुद्दाम लवकर म्हातारे करून बघतात.

वर्गात करायच्या कृती

• शाळेतल्या फरशा नाण्याने वाजवा. पोकळ वाजणाऱ्या फरशीवर खडूने खूण करून नकाशा काढा.

• काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावा, मध्ये मुद्दाम हवेचा बुडबुडा ठेवा. बुडबुडा लगेच वेगळा दिसतो.

• डिंक सुकलेलं जुनं लेबल वहीवर सपाट ठेवा. दिसायला चिकटलेलं! आता फुंकर मारा. टेकणं आणि चिकटणं यातला फरक मुलं विसरणार नाहीत.

पालकांसाठी सूचना: टीव्ही, चार्जर मुलांना उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. अतिनील दिव्याकडे थेट बघू देऊ नका.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१) फट शोधायला आवाज उपयोगी का पडतो?
२) निळ्या दिव्याखाली लेप सगळीकडे चमकला. तो घट्ट चिकटला आहे असं म्हणता येईल का?
३) "दोष दिसला नाही" आणि "दोष नाही" यात काय फरक आहे?

तिसऱ्या प्रश्नाला भरपूर वेळ द्या. एका चाचणीत दोष दिसला नाही, याचा अर्थ त्या चाचणीला जो दोष दिसू शकतो तो दिसला नाही, एवढाच. हे एवढं जरी मुलांच्या लक्षात आलं, तरी पाठ सार्थकी लागला. आणि आपण मुलांची प्रगती एकाच लेखी पेपरवरून ठरवतो, तेव्हा हाच प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला हरकत नाही, नाही का?