पाळलेला मासा काय खातो?

उपवासकाळातील शुक्रवार आला की आपल्याकडे तारलीची आठवण होते. ही गरिबाची मासळी. पण आता तिचा भरवसा राहिलेला नाही. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली सापडली. २०२१ साली साडेतीन हजार टनही नाही. समुद्राचे हवामान बदलले की तारली घटते हे खरे. पण अंडी घालण्याआधीच पिल्ले जाळ्यात ओढली, तर ती पुन्हा वाढणार कशी? बियाण्याची कणगी रिकामी केल्यावर पेरणी कशाची करणार?

अशी पुष्कळ लहान तारली ताटातही येत नाही. कारखान्यांत तिची भुकटी होते आणि ती कोळंबीच्या खाद्यात जाते. म्हणून मासे पाळले की समुद्राला विसावा मिळतो, असे सरसकट म्हणता येत नाही. पाळलेला मासा काय खातो, हे आधी पाहावे.

कटला, रोहू व मृगळ हे मासे कोंडा-पेंडीवर वाढतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. त्यामुळे एकाच तळ्यात तिघे सुखाने नांदतात. हे मासे साचलेल्या पाण्यात आपोआप वीत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नदीतूनच धरावे लागे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालवून घेतली. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले व नदीवरचा भार हलका झाला.

ज्यांच्या शेततळ्यात वर्षातील आठ-दहा महिने ५ ते ६ फूट पाणी टिकते, त्यांनी असे करावे :

१) मरळीसारखे हिंस्र मासे आधी काढून टाकावेत. गुंठ्याला २ ते अडीच किलो चुना टाकावा व आठवड्याने शेणखत द्यावे.

२) गुंठ्याला ५० बोटुकली सोडावीत : २० कटला, १५ रोहू, १५ मृगळ. बोटुकली चार इंचांची असावीत. अधिक सोडली तर एकही नीट वाढत नाही.

३) भाताचा कोंडा व शेंगदाणा पेंड समभाग मिसळून, माशांच्या अंदाजे एकूण वजनाच्या शेकडा २ ते ३ इतके खाद्य रोज द्यावे.

४) पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला असे समजावे. खत व खाद्य थांबवून ताजे पाणी सोडावे.

कोणी आफ्रिकन मांगूर स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. २००० सालापासून त्यावर बंदी आहे. तो पुरात ओढ्यात शिरला की तिथली देशी मासळी खाऊन टाकतो.

दहा-बारा महिन्यांत मासा पाऊण ते एक किलोचा होतो. पहिला मासा बाजारात नेण्याआधी घरच्या मुलांच्या ताटात वाढावा. प्रथिनांची गरज त्यांनाच सर्वांत अधिक असते.