घसरायला जागा लागते

ड्रिफ्टिंग, म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम घसरवत नेणं, शिकायचंय म्हणून मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न गाडीचा असतो. कुठली घेऊ, जुनी चालेल का, इंजिन केवढं हवं. मी जागेचं विचारतो. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं: "दादा, रविवारी रे रोड रिकामाच असतो की."

मी मुंबईत घोडपदेवचा. तो रिकामेपणा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. बंदराची जमीन, लाकडाच्या वखारी, गोदामं, दारूखान्याकडे जहाजं तोडून निघालेल्या लोखंडाचे ढीग. २०१३ मध्ये फ्रीवे सुरू झाला आणि घाईची वाहनं डोक्यावरून जायला लागली. खाली रविवारी दुपारी शटरं बंद आणि रस्ता रुंद. विशीतल्या पोराला मोह होणारच.

पण तिथे एकदा पायी चाला. कुठे काँक्रीट, कुठे पेव्हर ब्लॉक, कुठे बंदराच्या जुन्या मालगाडीचे रूळ अजून रस्त्यात रुतलेले. ट्रकखाली गळलेलं ऑइल, करवतीचा भुसा, लोखंडाचा चुरा. थोड्या अंतरात रस्त्याची पकड कितीदा तरी बदलते, आणि ड्रिफ्टिंगमधला खरा धोका हाच आहे. गाडी घसरत असते तोवर ती बऱ्यापैकी आपल्या हातात असते. घात होतो तो घसरणारं चाक अचानक पकड घेतं तेव्हा. समजा, गाडी डावीकडे वळतेय आणि मागचा भाग उजवीकडे बाहेर पडलाय. आपण स्टिअरिंग उजवीकडे फिरवून तिला तोललंय. त्या क्षणी मागच्या चाकांना कोरडं काँक्रीट मिळालं, तर गाडी सगळ्या जोरानिशी उजवीकडे फेकली जाते. चाक कडेला अडलं तर उलटतेही.

हे मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलं. मित्राची छोटी हॅचबॅक, वखारींच्या बाजूचं वळण. त्याने हँडब्रेक ओढला, भुशावर मागचा भाग अलगद फिरला, आम्ही दोघे ओरडलो. भुसा संपला तिथे झटका बसला. त्याच्या हातातून स्टिअरिंग सुटलं आणि गाडी फूटपाथवर चढून ओंडक्यांवर आदळली. मागचं चाक आत वळलेलं, रिमची कड फाटलेली. ओंडक्यांच्या पलीकडे हातगाडीच्या आडोशाला एक हमाल दुपारची झोप काढत होता. आम्हाला तो दिसलाच नव्हता. वखारीचा मुकादम धावत आला. त्याने आधी गाडीची चावी काढून घेतली आणि मग आम्हाला पाणी दिलं. त्याचा हा क्रम अगदी बरोबर होता.

त्या भागात ट्रकच्या सावलीत क्लीनर झोपतात, वस्तीतली मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळतात. सुट्टीच्या दिवशी तर जास्तच. म्हणून रे रोड नाही, कॉटन ग्रीन नाही, रात्री दोन वाजताही नाही. कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चालवणारा अल्पवयीन असला, तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. आईबाबांना यात ओढू नका.

मुलं मला जपानचा दाखला देतात. तिथे घाटांतल्या रस्त्यांवरच हे वाढलं ना, म्हणतात. अर्धंच खरं. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी बंद ट्रॅकवरच्या शर्यतींत अशी वळणं घ्यायचा. त्याला बघून केइची त्सुचियाने ते उचललं आणि घाटात गिरवलं. पुढे १९९५ साली हे दोघे ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एकाच होंडा एनएसएक्समध्ये होते आणि आपल्या गटात पहिले आले. व्हिडिओत घाट दिसतो, त्यामागची ट्रॅकवरची वर्षं दिसत नाहीत.

आता शिकण्याचं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. हँडब्रेक ओढून त्यांचा मागचा भाग फिरवता येतो, पण ती घसरण ॲक्सिलरेटरने टिकवता येत नाही. ड्रिफ्टला मागच्या चाकांवर चालणारी गाडी लागते. २०२३ पर्यंत मुंबईत धावलेली काळीपिवळी पद्मिनी तशी होती, मारुती ओम्नीही तशीच. पण ओम्नी उंच आणि अरुंद, पटकन कलंडेल. स्वस्त मिळते म्हणून तिच्या नादी लागू नका. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलमध्ये आतलं चाक नुसतं गरगरतं आणि बाहेरचं ढिम्म राहतं, म्हणून या कामाला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल लावतात. नवशिक्याने एवढा खर्च लगेच करू नये.

माझं मत विचाराल तर सुरुवात गो-कार्टवर करा. कार्टचा मागचा ॲक्सल एकसंध, जोर मागे, शरीर जमिनीलगत. मागचा भाग सुटतोय हे डोळ्यांच्या आधी कमरेला कळतं, आणि ती कमरेची समज पुढे गाडीत कामी येते. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. मोठ्या गाडीसाठी कोइम्बतूरचा कारी स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. प्रत्येक ट्रॅक ड्रिफ्टिंगला परवानगी देईलच असं नाही. आधी फोन करा आणि प्रशिक्षक असेल तरच जा.

प्रशिक्षक तुम्हाला ओल्या, सपाट, मोकळ्या जागेवर नेईल. पाण्यामुळे गाडी फार कमी वेगात सुटते, टायर वाचतात आणि चूक झाली तर ती नुसती गोल फिरून थांबते. पहिला धडा एका शंकूभोवती गोल फिरण्याचा. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर थोडा जास्त द्यायचा, मागचा भाग निघाला की स्टिअरिंग हातांतून सैल सोडायचं. पुढची चाकं आपोआप घसरणीच्या दिशेला वळतात; आपण फक्त योग्य जागी ते पकडायचं. नवशिका तिथे स्टिअरिंगशी कुस्ती खेळतो. दुसरी खोड म्हणजे घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढणं. तसं केलं की वजन पुढे झुकतं, पकड परत येते आणि वर सांगितलेला झटका ओल्या जागेवरही बसतो. पाय हळूहळू उचला. नजर शंकूवर ठेवू नका, जायचंय तिकडे ठेवा.

हेल्मेट, पट्टा, काचा वर. डॅशबोर्डवरचा गणपती, पाण्याची बाटली, मोबाइल सगळं आधी बाहेर काढा. घसरत्या गाडीत बाटली ब्रेकखाली गेली तर पाय दाबूनही गाडी थांबत नाही. सराव सुरू करण्याआधी आणि मधल्या सुट्टीत चाकांचे नट पान्याने आवळा.

आणि मागच्या दोन चाकांसाठी चांगले टायर वेगळे न्या. पाणी असलं तरी सरावाचे टायर दिवसाअखेर झिजलेले असतात. मुंबईला परतताना खंडाळ्याचा घाट लागतो, पावसाळ्यात तर नकोच विचारायला. निघण्याआधी ट्रॅकवरच टायर बदला, हवा तपासा, आणि दमला असाल तर गाडी दुसऱ्याला चालवायला द्या.