वादळाचं पाणी बोरीत येण्याआधी : कशावर किती खर्च करायचा, काय फुकट होतं

जिंतूर–परभणी रस्त्यावरच्या बोरीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. म्हणून चक्रीवादळाची बातमी इथे दुसऱ्याच्या गावची समजली जाते. ही समजूत महागात पडते. २६ सप्टेंबर २०२१ ला ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकलं. तिथून बोरी साडेसातशे किलोमीटरहून लांब. वारा वाटेतच ओसरला, पाऊस मात्र तेलंगण ओलांडून मराठवाड्यात आला. २८ तारखेला मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्याच दोन दिवसांत बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने परभणी, हिंगोली, नांदेडला झोडपलं. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीबद्दल तर मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

ही वादळं येतात ती नेमकी सोयाबीनच्या काढणीला. तेव्हा घरात रोकड कमी असते आणि सगळी कमाई शेतात पडलेली असते. म्हणून कोणता रुपया आधी खर्च करायचा, हे इशारा येण्यापूर्वीच ठरलेलं हवं. खाली दिलेले दुकानातले आणि मजुरीचे दर साधारण आहेत. गाव, प्रत आणि घाई पाहून ते वर-खाली होतात. इशारा आल्यावर तर ते चढतातच, त्यामुळे खरेदी आधी करावी.

इशारा कसा वाचायचा (खर्च : शून्य)

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला तर जोरदार पाऊस, ११५.६ च्या पुढे अति जोरदार आणि २०४.४ च्याही वर गेला तर अत्यंत जोरदार. महसूल खातं मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतं. बोरी हे स्वतंत्र महसूल मंडळ आहे, त्यामुळे जिंतूरचा आकडा न पाहता बोरी मंडळाचा आकडा पाहावा. २० × ३० फुटांच्या पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या एका छतावरून साडेपाच हजार लिटर पाणी खाली येतं. ते कुठून वाहून जाणार, याचं उत्तर पाऊस नसतानाच शोधायचं असतं.

‘मौसम’, शेतीसाठी ‘मेघदूत’ आणि विजांसाठी ‘दामिनी’ ही तिन्ही सरकारी ॲप मोफत आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्लाही मोफत मिळतो. पिवळा इशारा दिसला की सामान काढून ठेवा, नारिंगी दिसला की कामं उरका, लाल दिसला की घर आणि जनावरं सोडून दुसरं काही पाहू नका.

पहिला मोठा खर्च : ताडपत्री

बोरीसारख्या गावात पैशाला सर्वांत जास्त मोल देणारी वस्तू ताडपत्री आहे. बाजारात दोन प्रकार दिसतात. पातळ माल चौरस फुटाला अडीच-तीन रुपयांत मिळतो, पण वाऱ्याने एका रात्रीत चिरतो. जाड, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन केलेला माल चौरस फुटाला साधारण ६ ते ९ रुपयांना पडतो. दोन एकरांच्या गंजीला २४ × ३० फुटांची ताडपत्री धरली, तर खर्च ४,३०० ते ६,५०० रुपये. ऊन आणि उंदरांपासून जपली तर ती अनेक हंगाम चालते. घेताना जाडी म्हणजे जीएसएम विचारा, कडेच्या कड्या ओढून बघा आणि पावती घ्या.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. दोन एकरांत १२ क्विंटल सोयाबीन धरलं, तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने माल ६४ हजारांच्या घरात जातो. बाजारात क्विंटलमागे हजार रुपये कमी मिळाले तरी तो ५० हजारांच्या वर राहतो. हाच माल पाण्यात गेला, तर केंद्राच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे दोन एकरांना ६,८०० रुपये मदत. ताडपत्रीची किंमत आणि सरकारी मदत जवळपास सारखीच आहे, फरक वाचलेल्या मालाचा.

ताडपत्री टाकण्याची रीतही महत्त्वाची. गंजी शेताच्या उंच कोपऱ्यात लावा आणि खाली दगड, लाकडं किंवा पऱ्हाट्यांचा थर द्या. काळ्या रानात पाणी वरून येतं त्याहून जास्त खालून चढतं, आणि तळाचा थर सडला की शेंगांना बुरशी लागते. गंजीचा माथा निमुळता ठेवा, म्हणजे ताडपत्रीवर पाण्याचं डबकं साचत नाही. दोर गंजीवरून आडवा-उभा टाकून टोकांना मातीने भरलेली पोती बांधा. भोवती वीतभर खोल चर काढा. पाऊस उघडला की दिवसा ताडपत्री उचला, नाहीतर आतल्या वाफेने माल तापतो. हमीभाव केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, हेही ध्यानात असू द्या.

उभ्या पिकात पाणी तुंबत असेल तर बांधाकडेला चर काढून घ्या. जेसीबीचं भाडं तासाला साधारण १,००० ते १,४०० रुपये आहे. शेजारच्या चार शेतकऱ्यांनी मिळून एकच चर ओढ्यापर्यंत नेला, तर खर्च वाटला जातो आणि पाणी कुणाच्या रानात सोडल्याचं भांडणही होत नाही.

घर : पत्रे, माळवद, उंबरठा

पत्र्याच्या घरात ढिले झालेले हुक बोल्ट आणि वायसर बदलायला वस्तूंचे २०० ते ५०० रुपये आणि मिस्त्रीची एक दिवसाची मजुरी लागते. पत्र्यावर नुसते दगड ठेवू नका, वाऱ्याने ते खाली येतात.

जुन्या माळवदाच्या घरांची काळजी वेगळी. वरची पांढरी माती पाणी पिऊन जड होते आणि तो भार खालच्या लाकडी सरांवर येतो. माळवदावरचं गवत उपटा, उंदरांची बिळं बुजवा, पन्हाळ मोकळे करा आणि वरून जाड प्लास्टिक अंथरा. खर्च हजार ते दोन हजार. भिंत फुगलेली दिसली, भेग रुंदावली किंवा सराचा आवाज आला, तर त्या खोलीत कुणीही झोपू नये. तेव्हा शाळा, समाजमंदिर किंवा पक्क्या घरातल्या शेजाऱ्याचा आसरा घ्यावा.

उंबरठ्याशी लावायला रिकामी पोती १० ते १५ रुपयांना एक मिळतात. वीस पोती मुरूम किंवा वाळूने अर्धी-पाऊण भरली की एका दारासाठी पुरतात. पोती पूर्ण भरली तर एकमेकांवर बसत नाहीत.

वीज

वायरिंग तपासायला इलेक्ट्रिशियन २०० ते ५०० रुपये घेतो. गळती होताच वीज तोडणारं उपकरण, ज्याला दुकानात ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, ते ३० मिलिअँपिअरचं घ्या. ते १,२०० ते २,५०० रुपयांना मिळतं आणि जीव वाचवतं. पाणी घरात शिरायच्या आधी मेन स्विच बंद करा. तो ओल्या हाताने किंवा पाण्यात उभं राहून बंद करायला जाऊ नका. रिचार्जची बॅटरी २०० ते ५०० रुपये, पॉवर बँक ८०० ते १,५०० रुपये.

करपरा नदीच्या किंवा ओढ्याच्या काठावरची मोटार आधीच वर काढा. काढायला हजार-दोन हजार मजुरी जाते, पण मोटार जळाली तर रिवाइंडिंगलाच चार ते आठ हजार लागतात.

प्यायचं पाणी आणि औषध

पुरानंतरचा दवाखान्याचा खर्च बहुतेक वेळा दूषित पाण्याने होतो. झाकणाच्या दोन घागरी आधीच भरून ठेवा आणि पाणी उकळून प्या. मेडिक्लोर आणि जलसंजीवनीची पाकिटं आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात मोफत मागा. गावच्या टाकीत टीसीएल पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात पडते की नाही, हे ग्रामपंचायतीला विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या आठवडाभराच्या जास्त आणून ठेवा.

जनावरं

घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पशुवैद्यकीय दवाखान्यातून पावसाळ्याआधी टोचून घ्या. कानातला बिल्ला, म्हणजे इअर टॅग, लावून घ्या. तो नसेल तर नैसर्गिक आपत्तीत जनावर दगावल्यावर भरपाई अडते. पाणी चढू लागलं की दावी सोडा. बांधलेलं जनावर बुडतं, मोकळं बहुधा उंचवटा गाठतं. विजा चमकत असताना त्यांना झाडाखाली उभं करू नका, आणि तुम्हीही उभे राहू नका.

कागद : १५ रुपयांचं काम

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. ई-पीक पाहणी मोफत आहे आणि मदतीचा पाया तीच आहे, ती करायची राहू देऊ नका. आधार, पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक आणि जनावरांचे टॅग क्रमांक यांचे फोटो मोबाइलमध्ये आणि परगावच्या एका नातेवाइकाकडे ठेवा. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवा. घर, गोठा आणि पीक यांचे नुकसानीआधीचे फोटोही काढा, पंचनाम्याला ते उपयोगी पडतात.

नुकसान झालंच तर किती मिळतं

२०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर :

- मृत्यू : वारसांना ४ लाख रुपये
- पक्कं किंवा कच्चं घर पूर्ण पडलं : सपाट भागात १,२०,००० रुपये
- किमान १५ टक्के पडझड : पक्क्याला ६,५००, कच्च्याला ४,००० रुपये
- झोपडी : ८,००० रुपये, घराला लागून असलेला गोठा : ३,००० रुपये
- दुभती गाय, म्हैस : ३७,५०० रुपये, बैल : ३२,००० रुपये, वासरू : २०,००० रुपये, शेळी-मेंढी : ४,००० रुपये
- पीक : कोरडवाहू हेक्टरी ८,५००, बागायती १७,०००, बहुवार्षिक २२,५०० रुपये, २ हेक्टरपर्यंत

राज्य सरकार कधी कधी यात भर घालतं. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये मर्यादा ३ हेक्टर केली होती. अशी भर त्या त्या वेळच्या शासन निर्णयाने मिळते, आधीच गृहीत धरू नका. पंचनाम्याला कसलीही फी नाही, कुणी मागितली तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल, तर मंजूर झालेला पैसाही अडकतो.

विमा

पीक विम्यात खरिपाच्या सोयाबीनला शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के असतो. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातून ठरते. म्हणजे मंडळाचं सरासरी उत्पन्न बरं आलं, तर एकट्या तुमच्या भिजलेल्या गंजीची भरपाई मिळेल असं नाही. ताडपत्रीचं महत्त्व त्यामुळे आणखी वाढलं आहे. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि छोट्या दुकानासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळतात आणि त्यात पूर धरलेला असतो. दहा लाखांच्या पक्क्या घराचा वर्षाचा हप्ता बहुधा हजाराच्या आत बसतो. दुचाकीचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर पुराचं नुकसान मिळत नाही. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहू नका, आधी मेकॅनिकला दाखवा.

खिशाप्रमाणे क्रम

- ५०० रुपये असतील तर : बॅटरी, कागदांसाठी प्लास्टिक पिशव्या, दोर, तुरटी, काडेपेट्या. मोफतची सगळी कामं याच टप्प्यात उरका.
- ३,००० रुपये असतील तर : वरचं सगळं, शिवाय छताची डागडुजी, उंबरठ्याची पोती आणि वायरिंगची तपासणी.
- १०,००० रुपये असतील तर : वरचं सगळं आणि जाड ताडपत्री. पैसे कमी पडत असतील तर बचत गटातून किंवा दोन भावांत मिळून घ्या, पण घ्या.

हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा : आणीबाणी ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, वीज तक्रार १९१२, पशुवैद्यकीय मदत १९६२.

एक चूक मात्र कितीही पैसे मोजून नंतर दुरुस्त करता येत नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबा. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी माणसाचा पाय सुटू शकतो, फूटभर असलं तर छोटी गाडी तरंगू लागते. जिंतूरचं काम उद्या होईल, परभणीची एसटी परवाही मिळेल. घरच्यांना आजच सांगून ठेवा की पाणी उतरेपर्यंत कुणीही पूल ओलांडायचा नाही.