रिमोट सर्व्हरवर प्रोग्रॅम बंद पडतोय, फाइल उघडत नाही? या क्रमानं सोडवा

ऑफिसात एकच विंडोज सर्व्हर, त्यावर आठ-दहा जण रिमोट डेस्कटॉपनं येऊन टॅली, एक्सेल, ॲक्सेस चालवतात. आज प्रोग्रॅम मध्येच बंद होतोय आणि एक फाइल उघडायचं नाव घेत नाही. काळजी करू नका, आपण मिळून सोडवू. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड, रिकामी एक्स्टर्नल डिस्क आणि कागद-पेन जवळ घ्या. क्रम तेवढा मोडू नका. मूळ फाइलवर चुकीची दुरुस्ती चालली की मागे फिरता येत नाही.

१. सर्व्हर रीस्टार्ट करायला गेलेला हात मागे घ्या. बाकीच्यांचं सेव्ह न केलेलं काम जाईल, आणि एखादी फाइल त्याच क्षणी लिहिली जात असेल तर तीही बिघडेल.

२. सगळ्यांना फोन करून काम सेव्ह करायला सांगा. बिघडलेली एक्सेल फाइल कुणाकडे अजून उघडी असेल तर त्यानं ती वेगळ्या नावानं सेव्ह करावी, जुन्या फाइलवर नाही.

३. आता सगळ्यांना स्टार्ट मेनूतून साइन आउट व्हायला सांगा, आणि तुमचा फोन येईपर्यंत परत येऊ नका म्हणावं. खिडकीची फुली दाबून भागत नाही. फुलीनं फक्त कनेक्शन तुटतं. आतला प्रोग्रॅम चालूच राहतो आणि फाइल धरून बसतो.

४. सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडून 'युजर्स' टॅब बघा. कुणासमोर 'डिस्कनेक्टेड' दिसलं तर त्याला पुन्हा आत येऊन नीट बाहेर पडू द्या. तो फोनच उचलत नसेल तर नावावर राइट क्लिक करून 'साइन ऑफ' करा. त्याचं अर्धवट काम जाईल, म्हणून आधी दोनदा फोन लावा.

५. बिघडलेली फाइल एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा. टॅली असेल तर कंपनीचा अख्खा डेटा फोल्डर घ्या. 'कट' चुकूनही नको. डिस्क थेट सर्व्हरलाच जोडा. लॅपटॉपला लावलेली डिस्क रिमोट डेस्कटॉपमधून दिसते खरी, पण नेट तुटलं की कॉपी अर्धवट राहते. फाइल वाचताच येत नाही अशी एरर आली, तर पुढचं सगळं थांबवा आणि हार्डवेअरवाल्याला बोलवा. डिस्क बहुधा जायला आली आहे.

६. त्या प्रतीची आणखी एक प्रत काढा. दुरुस्तीचे प्रयत्न फक्त या दुसऱ्या प्रतीवर करायचे.

७. ड्राइव्हवर मोकळी जागा किती आहे ते बघा. एक्सेल सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल लिहितं. जागा नसली की तिथंच अडतं.

८. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'विंडोज लॉग्ज', त्यात 'ॲप्लिकेशन' उघडून प्रोग्रॅम पडला त्या वेळेची लाल खुणेची नोंद शोधा. आयडी १००० म्हणजे प्रोग्रॅम कोसळला, १००२ म्हणजे अडकून बसला. १००० असेल तर 'फॉल्टिंग मॉड्यूल' समोरचं नाव कागदावर उतरवा, कारण सगळ्या तपासात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. प्रिंटर ड्रायव्हरचं नाव निघालं तर आश्चर्य नको: रिमोट डेस्कटॉपवर प्रत्येकाचा प्रिंटरही सोबत येतो आणि त्याचा ड्रायव्हर खराब असला की प्रोग्रॅमला घेऊन पडतो. तो ड्रायव्हर बदला. ॲड-इनचं नाव असेल तर ते बंद करा. 'एनटीडीएलएल'सारखी विंडोजचीच फाइल दिसली तर लगेच विंडोजला दोष देऊ नका. दुसऱ्याची चूक बऱ्याचदा तिथं येऊन उघडी पडते.

९. शेजारच्या 'सिस्टिम' लॉगमध्ये तीन आकडे शोधा. 'डिस्क'चा ७ म्हणजे खराब ब्लॉक, 'एनटीएफएस'चा ५५ म्हणजे फाइल सिस्टिममध्येच गोंधळ, 'रिसोर्स एक्झॉशन'चा २००४ म्हणजे मेमरी संपत आली होती. ७ दिसला तर डिस्क बदलणं पुढं ढकलू नका.

१०. ५५ दिसला असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक' असं जा. पाचवी पायरी झाली नसेल तर इथं पाऊल टाकू नका.

११. दुसऱ्या प्रतीवर दुरुस्ती चालवा. एक्सेलमध्ये फाइल निवडून 'ओपन' बटणाशेजारचा बाण दाबा आणि 'ओपन अँड रिपेअर' घ्या. ॲक्सेसमध्ये 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर'. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून 'रिपेअर'.

१२. शेवटच्या छापील ताळेबंदाशी आकडे जुळवा. फाइल उघडली म्हणजे ती बरोबर आहे असं नसतं. एखादी नोंद गुपचूप गळालेली असू शकते.

१३. आकडे जुळले नाहीत तर मूळ फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' बघा. 'रिस्टोअर' दाबू नका, ते आजच्या फाइलवरच लिहितं. जुनी आवृत्ती 'ओपन' करून बाहेर कॉपी करा. यादी रिकामी असेल तर शेवटचा बॅकअप काढा.

१४. मूळ फाइलच्या नावापुढं 'खराब' आणि तारीख लिहा. पुसू नका.

१५. तपासलेली फाइल तिच्या जागी ठेवा.

१६. एकाच माणसाला आत घेऊन तासभर काम करू द्या. सगळे एकदम आले तर चूक कुठं आहे ते कळणार नाही.

१७. ॲक्सेस वापरत असाल तर डेटाची फाइल वेगळी काढा आणि फॉर्मची फाइल प्रत्येकाला स्वतंत्र द्या. एकच फॉर्म-फाइल सगळे मिळून उघडतात, तिथं आजचा प्रकार पुन्हा होणार.

१८. ग्रुप पॉलिसीमध्ये 'सेशन टाइम लिमिट्स' तपासा. डिस्कनेक्ट झालेलं सेशन दहा-पंधरा मिनिटांत बंद करायचं ठेवलं असेल, तर नेट गेलेल्या माणसाची उघडी फाइल सर्व्हरच मारतो. ही वेळ दोन-तीन तासांवर न्या.

१९. आता बाकीच्यांना फोन करा, आणि त्याच फोनवर सांगा: लॅपटॉपच्या ड्राइव्हवरची फाइल सर्व्हरमधून थेट उघडू नका, आधी सर्व्हरवर कॉपी करा, आणि संध्याकाळी घरी जाताना साइन आउट करूनच उठा.