न्यायदानातील चार अगती आणि मानसशास्त्रज्ञाचे काम

तथागत राजगृहाच्या वेळुवनात असताना सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला त्यांनी जो उपदेश केला, तो आपण विहारात अनेकदा ऐकला आहे. माणसाच्या हातून वाईट कृत्य का घडते, याची चार कारणे त्या उपदेशात सांगितली आहेत. छंद म्हणजे आपल्या माणसाकडे असलेला ओढा, दोस म्हणजे द्वेष, मोह म्हणजे अज्ञान आणि चौथे भय. यांनाच चार अगती म्हणतात. धम्मपदातील धम्मट्ठवग्गाचा आरंभही न्याय करणाऱ्या माणसापासूनच होतो. जो घाईने निवाडा देतो तो न्यायी नव्हे, असा त्याचा आशय आहे.

निवाडा करणाऱ्यांच्या मनातील या अगती शास्त्रीय पद्धतीने शोधून काढणे, हा एखाद्याचा व्यवसाय असू शकेल काय? अमेरिकेत असा व्यवसाय गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. तो करणाऱ्यास ज्यूरी-सल्लागार किंवा खटला-सल्लागार म्हणतात आणि त्यांतील बरेच जण मानसशास्त्रज्ञ असतात. आपल्या विद्यार्थ्यांना या व्यवसायाची ओळख व्हावी आणि त्यातून आपण काय घ्यावे, काय टाळावे याचा विचार व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ज्यूरी म्हणजे काय?

ज्यूरी म्हणजे सामान्य नागरिकांमधून निवडलेले पंच. न्यायाधीश कायदा समजावून सांगतात, परंतु आरोपी दोषी की निर्दोष हे ज्यूरी ठरवते. अमेरिकेत गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात बहुधा बारा जण असतात व दोषी ठरविण्यासाठी सर्वांचे एकमत लागते.

ही पद्धत आपल्याकडेही होती. १९०८ साली मुंबईत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. पुढे १९५९ साली नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष म्हटले. वर्तमानपत्रांतून त्याच्या बाजूने मोठी सहानुभूती निर्माण झाली होती. न्यायाधीशांना हा निर्णय पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले आणि तेथे शिक्षा झाली. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. यानंतरही काही ठिकाणी ज्यूरी चालू होती, परंतु १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती नाही.

निकाल पुराव्याप्रमाणेच पंच कोण आहेत यावरही अवलंबून असू शकतो, अशी शंका या खटल्यांकडे पाहून येते. या शंकेची तपासणी करणे हेच ज्यूरी-सल्लागाराचे मूळ काम होय.

व्यवसायाचा उगम

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठातून केनेथ क्लार्क या कृष्णवर्णीय तरुणाने १९४० साली मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. क्लार्क आणि त्यांच्या पत्नी मेमी यांनी लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून त्यांतील चांगली कोणती, असे विचारले. अनेक काळ्या मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखविले. समाजाने केलेला अपमान बालमनात किती खोल उतरतो, हे त्यातून दिसले. शाळांमधील वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांत क्लार्क यांनी साक्ष दिली आणि १७ मे १९५४ च्या प्रसिद्ध निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा संशोधनाचा उल्लेख केला. मानसशास्त्रज्ञ शोषितांच्या बाजूने न्यायालयात उभा राहू शकतो, हे यामुळे सिद्ध झाले.

ज्यूरी-निवडीचे शास्त्र यानंतर आले. १९७१-७२ च्या हिवाळ्यात पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॅरिसबर्ग येथे व्हिएतनाम युद्धाच्या सात विरोधकांवर कटाचा खटला भरण्यात आला. त्यांत ख्रिस्ती धर्मगुरू व जोगिणी होत्या, तसेच आपल्या बिहारच्या गया जिल्ह्यात जन्मलेले विचारवंत इक्बाल अहमद हेही होते. समाजशास्त्रज्ञ जे शुलमन व कोलंबियाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ख्रिस्टी यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने त्या भागातील ८४० लोकांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारले व २५२ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. अधिक शिकलेले लोक आरोपींना अनुकूल असतील, असा सर्वांचा समज होता. पाहणीत नेमके उलटे दिसले : त्या गावात अधिक शिकलेले लोक अधिक सनातनी मताचे होते. बचाव पक्षाच्या वकिलांनी निवड करताना या माहितीचा उपयोग केला. मुख्य आरोपावर दहा जण आरोपींच्या बाजूने व दोन विरुद्ध, असे मत पडले. एकमत न झाल्याने तो आरोप टिकला नाही.

यापुढचे उदाहरण आपल्या भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. २७ ऑगस्ट १९७४ रोजी उत्तर कॅरोलायना राज्यातील एका तुरुंगात गोऱ्या पहारेकऱ्याचा मृतदेह सापडला. कोठडीतील जोॲन लिटल ही वीस वर्षांची कृष्णवर्णीय कैदी पळून गेली होती. नंतर ती स्वतःहून हजर झाली. त्याने आपल्यावर लैंगिक अत्याचार केला आणि स्वतःचा बचाव करताना आपण वार केले, असे तिचे म्हणणे होते. तिच्या बाजूच्या समाजशास्त्रज्ञांनी स्थानिक लोकमताची पाहणी करून तेथे निःपक्षपाती ज्यूरी मिळणे कठीण असल्याचे दाखविले. खटला रॅली या शहरी हलविण्यात आला. सहा गोरे व सहा काळे अशी ज्यूरी बसली आणि १५ ऑगस्ट १९७५ रोजी सव्वा तासाच्या आसपास विचार करून तिने जोॲनला निर्दोष मुक्त केले.

प्रत्यक्ष काम कसे चालते?

या कामाचे ढोबळमानाने पाच भाग पडतात.

१. लोकमताची पाहणी : खटला जेथे चालणार तेथील लोकांचे पूर्वग्रह मोजणे. ते फार तीव्र असल्यास खटला दुसरीकडे नेण्याची मागणी केली जाते.

२. निवडीची प्रश्नावली : ज्यूरीसाठी बोलावलेल्या नागरिकांना कोणते प्रश्न विचारावेत हे ठरविणे. तुम्ही पक्षपाती आहात काय, असे विचारल्यास कोणीही होय म्हणत नाही. तुमच्या मुलाच्या वर्गात, तुमच्या शेजारी, तुमच्या पंक्तीला कोण असते, असे विचारल्यास मन उघडे होते.

३. लुटुपुटूची ज्यूरी : खटल्यापूर्वी सामान्य माणसे बसवून त्यांच्यापुढे दोन्ही बाजू मांडणे आणि त्यांची चर्चा ऐकणे. कोणता पुरावा समजला नाही, कोणत्या साक्षीदारावर विश्वास बसला नाही, हे तेथे कळते.

४. साक्षीदाराची तयारी : काय सांगावे हे पढविणे येथे अनैतिक मानले जाते. घाबरलेल्या साक्षीदाराला न्यायालयाची रीत, उलटतपासणीचे स्वरूप आणि प्रश्न नीट ऐकून उत्तर देण्याची सवय सांगणे, एवढीच मर्यादा आहे.

५. मांडणी : नॅन्सी पेनिंग्टन व रीड हेस्टी या संशोधकांनी दाखविले की पंच सुट्या पुराव्यांची बेरीज करीत नाहीत, ते मनात एक गोष्ट रचतात. म्हणून पुरावा घटनाक्रमाने मांडण्याचा सल्ला दिला जातो.

या व्यवसायात येणारे बहुधा सामाजिक मानसशास्त्रात पीएच.डी. करतात. काही जण कायद्याची पदवीही घेतात. नेब्रास्का विद्यापीठात कायदा व मानसशास्त्र यांचा संयुक्त अभ्यासक्रम १९७४ पासून आहे. संख्याशास्त्र, मुलाखतीचे तंत्र व स्वच्छ अहवाललेखन या तीन गोष्टींवाचून येथे निभाव लागत नाही. मात्र या व्यवसायाला सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे खऱ्या अभ्यासकांबरोबर चेहरा पाहून मन ओळखतो म्हणणारे भोंदूही त्यात शिरले आहेत.

शास्त्राच्या मर्यादा

हॅरिसबर्गच्या ज्यूरीत शेवटपर्यंत विरोधात राहिलेल्या दोघांपैकी एका बाईचे मुलगे विवेकाला पटत नाही म्हणून युद्धात लढण्यास नकार देणारे होते. ती अनुकूल राहील असाच अंदाज होता आणि तो चुकला. जात, वर्ण, वय, शिक्षण यांवरून एका माणसाचे मत सांगता येत नाही, असेच पुढील संशोधनातूनही वारंवार दिसले आहे. हॅरी कॅल्व्हन व हान्स झायझेल यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५७६ खटले तपासले, तेव्हा सुमारे ७८ टक्के खटल्यांत न्यायाधीशांचे मत ज्यूरीप्रमाणेच असल्याचे आढळले. पुरावा स्पष्ट असला की पूर्वग्रहाला वाव कमी मिळतो, आणि तो दोलायमान असला की चार अगती पुढे सरसावतात.

२००६ साली सॅम्युअल सॉमर्स यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोगही मननीय आहे. गोऱ्या व काळ्या लोकांच्या संमिश्र गटांनी केवळ गोऱ्यांच्या गटांपेक्षा अधिक वेळ चर्चा केली व अधिक तथ्ये विचारात घेतली. विशेष म्हणजे संमिश्र गटात बसलेले गोरे लोकही अधिक काळजीपूर्वक बोलले. सर्वांना प्रतिनिधित्व मिळाल्याने निर्णयाची गुणवत्ता वाढते, याला हा प्रायोगिक आधार आहे.

प्रज्ञेला शीलाची जोड

आरंभी हे काम विनामोबदला आणि सरकारच्या रोषास पात्र झालेल्यांसाठी झाले. परंतु दहा वर्षांच्या आत मोठ्या कंपन्यांनी ते विकत घेतले. १९८० साली दूरध्वनी क्षेत्रातील एका कंपनीने दुसरीवर दावा केला, तेव्हा आधी लुटुपुटूच्या ज्यूरीपुढे मांडणी तपासून पाहिली होती. ज्यूरीने ६० कोटी डॉलरची भरपाई दिली. कायद्यानुसार ती तिप्पट होऊन १८० कोटी झाली. वरच्या न्यायालयात हा आकडा टिकला नाही, पण व्यवसायाची कीर्ती झाली. आज ज्याच्याकडे पैसा आहे त्याला सल्लागार मिळतो, गरिबाला क्वचितच मिळतो. जोॲन लिटलसाठी देशभरातून वर्गणी जमली होती. तिच्यासारख्या इतरांचे काय?

नाव वगळण्याच्या अधिकाराचा गैरवापर तर याहून जुना आहे. कारण न सांगता काही नावे वगळण्याची मुभा दोन्ही पक्षांना असते. वर्णावरून असे वगळणे १९८६ साली आणि स्त्री-पुरुष भेदावरून वगळणे १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. तरीही मिसिसिपी राज्यात कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय आरोपीवर एकाच प्रकरणात सहा वेळा खटला चालला आणि सरकारी वकिलाने त्या सहा खटल्यांत मिळून ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीय नागरिकांना वगळले. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली आणि २०२० साली आरोप मागे घेण्यात आले. ॲरिझोना राज्याने तर २०२२ पासून हा अधिकारच काढून टाकला.

पूर्वग्रह ओळखण्याची विद्या पूर्वग्रह दूर करण्यास वापरता येते, तशीच आपल्या सोयीचा पूर्वग्रह निवडण्यासही वापरता येते. द्वेष करणारा पंच बाजूला करणे हा न्याय आहे. द्वेष करणारा पंच मुद्दाम हेरून बसविणे हा अन्याय आहे. तंत्र दोन्हीकडे एकच असते. परमपूज्य बाबासाहेबांनी प्रज्ञेबरोबर शील व करुणा यांचा आग्रह का धरला, ते येथे लख्ख समजते.

आपल्याकडील गरज

आपल्याकडे ज्यूरी नाही, म्हणून हा विषय आपला नव्हे असे कोणी समजू नये. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला ‘मथुरा’ या नावाने ओळखला जातो. अंगावर जखमा नाहीत, यावरून सर्वोच्च न्यायालयाने तिची संमती गृहीत धरली व पोलिसांना सोडले. पोलीस ठाण्यात, वर्दीच्या भयाने माणूस कसा गोठून जातो, हे मानसशास्त्राचे साधे सत्य त्या निकालात आले नाही. १९७९ साली वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर यांच्यासह चार कायदेपंडितांनी खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली कायदा बदलला. मोह ही अगती न्यायासनावरही असू शकते, याचे हे उदाहरण आहे.

आज भारतात मानसशास्त्रज्ञाला न्यायक्षेत्रात करण्यासारखे पुष्कळ आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५ अ नुसार पीडित व साक्षीदारांना संरक्षणाचे हक्क आहेत. गावात बहिष्काराच्या भीतीखाली राहणाऱ्या साक्षीदाराला धीर देण्यासाठी जाणकार माणूस लागतो. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना नार्को व तत्सम चाचण्या घेण्यास मनाई केली. २०२२ साली त्याच न्यायालयाने फाशीच्या प्रकरणांत आरोपीची मानसिक तपासणी व पूर्वायुष्य विचारात घेण्याचे निर्देश दिले. ही सर्व कामे मानसशास्त्र शिकलेल्या व समाजाची वेदना जाणणाऱ्या तरुणांची वाट पाहत आहेत. आपल्या मुलामुलींनी बी.ए.ला मानसशास्त्र घेतले तर पालकांनी नाक मुरडू नये, एवढी विनंती आहे. बाबासाहेबांनी १९२३ पासून मुंबईच्या न्यायालयात वकिली केली. त्यांच्या मागून आपल्यातून वकील पुष्कळ झाले. आता वकिलाशेजारी बसून साक्षीदाराचे मन जाणणाराही आपल्यातून तयार व्हावा.

स्वाध्याय : विहारात करून पाहण्याजोगा प्रयोग

बारा जणांचे दोन गट करावेत. एकाच भांडणाची हकीकत दोन्ही गटांना लिहून द्यावी, मात्र एका गटाच्या कागदावर आरोपीचे आडनाव व वस्ती बदलावी. प्रत्येकाने आधी आपले मत गुप्तपणे लिहावे, नंतर गटात चर्चा करून निर्णय द्यावा. शेवटी दोन्ही कागद सर्वांपुढे वाचून पुढील प्रश्नांवर बोलावे :

१. दोन्ही गटांच्या निर्णयात फरक पडला काय? त्यामागे चारपैकी कोणती अगती होती?

२. चर्चेत कोण गप्प राहिले? का?

३. आडनाव वाचताच आपल्या मनात प्रथम काय आले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने सांगण्याची सक्ती नाही. ते ज्याने त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावे. दुसऱ्याच्या न्यायात अगती शोधणाऱ्याने आरंभ स्वतःच्या मनापासून करावा, हाच या पाठाचा सारांश आहे.