विंडोज टाकण्याआधी थोडं ऐक, छोटे

छोटे, मोडेम लागत नाही म्हणालीस, त्याचं मला काही वाटलं नाही. लागेल तो. पण पुढं जे बोललीस, "ताई, दुकानवाले काका म्हणतात लिनक्स काढून टाका, पोरीबाळींच्या कामाचं नाही ते," ते लागलं माझ्या मनाला. मी इथं पुण्यात, तू तिकडं परतवाड्यात. शेजारी बसून दाखवता येत नाही. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. हा कागद कॉम्प्युटरजवळ ठेवजो आणि सावकाश एकेक करत जाजो.

पहिली गोष्ट, आज काहीही पुन्हा इन्स्टॉल करायचं नाही. शेवटच्या संत्र्याला पाणी पोचलं नाही म्हणून बाबा कधी नवी विहीर खोदतात का? पाटाच्या कडेकडेनं चालत जातात आणि कुठं फुटला ते पाहतात. इथंही पाच ठिकाणं आहेत: टेलिफोनची लाइन, मोडेम, त्याचं पोर्ट, नंबर फिरवणं, आणि समोरच्या सर्व्हरनं आपल्याला आत घेणं. बहुतेक वेळा यातल्या एकाच ठिकाणी अडलेलं असतं. ते सापडेस्तोवर बाकीच्यांना हात लावू नको.

लाइनपासून सुरू कर. साधा फोन लावून कानाला धर. डायलटोन स्वच्छ येतो का, की खरखर आहे? खरखर असेल तर आधी फोनची तक्रार नोंदव. घरातला जुना जोड किंवा पावसात भिजलेली वायर लिनक्सनं सुधारत नाही. मोडेमला दोन भोकं असतात, भिंतीकडून येणारी वायर 'लाइन' लिहिलेल्या भोकातच गेली पाहिजे. आतल्या खोलीतला पॅरलल फोन कोणी मध्येच उचलला तरी कनेक्शन तुटतं, म्हणून आईला सांगून ठेव. कॉल वेटिंग चालू असेल तर ते बंद करून घे, त्या टुकटुक आवाजानंही लाइन पडते.

फोनवर डायलटोन नीट ऐकू येतो आणि मोडेम मात्र 'नो डायलटोन' म्हणतो, असं आपल्याकडं पुष्कळदा होतं. आपला डायलटोन ४०० हर्ट्झचा, थरथरता. अमेरिकेतल्या टोनवर बेतलेल्या मोडेमला तो ओळखू येत नाही. त्याला उपाय आहे. मोडेमला सुरुवातीला जो हुकूम देतात त्यात एक्स३ घाल, म्हणजे 'एटीएक्स३'. मग तो टोनची वाट न पाहता सरळ नंबर फिरवतो.

आता मोडेम. इथं नीट लक्ष दे, कारण सगळ्यात जास्त लोक इथंच रडकुंडीला येतात. तुझा मोडेम बाहेर ठेवायची डबी आहे की कॅबिनेटच्या आत बसवलेलं कार्ड? आतलं कार्ड असेल तर ते बहुधा 'विनमोडेम' निघेल. खऱ्या मोडेममध्ये आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारी चिप स्वतःची असते. विनमोडेममध्ये ते काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरकडून करून घेतात, आणि त्यासाठी लागणारा प्रोग्राम कंपन्यांनी बहुधा फक्त विंडोजसाठी दिलेला असतो. कार्ड स्वस्त पडतं ते त्यामुळं. म्हणजे दोष तुझ्यात नाही, लिनक्समध्येही नाही.

टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' दे आणि मोडेमच्या ओळीत चिप कोणाची आहे ते वहीत उतरव. ल्यूसेंटची असेल तर 'एलटीमोडेम' नावाचा ड्रायव्हर मिळतो. स्मार्टलिंकची असेल तर 'एसएलमोडेमडी'. कोनेक्झंटच्या एचएसएफ चिपचा ड्रायव्हर लिनक्सअँट देते, पण फुकटचा घेतला तर वेग १४.४ किलोबिटवरच थांबतो, पूर्ण वेगाला पैसे पडतात. 'यूनेम -आर' देऊन कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, पूर्ण आकडा त्याच वहीत लिही. २.६ कर्नल डिसेंबर २००३मध्ये आलं आणि २.४साठी बांधलेला ड्रायव्हर त्यावर चालत नाही, म्हणून हा आकडा नसेल तर कोणीच तुला धड मदत करू शकणार नाही. ड्रायव्हर आणायला नेट लागतं आणि नेट लागायला ड्रायव्हर, हा गुंता सायबर कॅफेत सोडव: वही सोबत ने आणि फ्लॉपीवर उतरवून आण. ड्रायव्हर बांधायला लागणारे कर्नलचे हेडर आणि जीसीसी मात्र घरच्याच सीडीवर असतात, आपल्याकडं पीसीक्वेस्ट मासिकासोबत आलेली सीडी आहे ना, त्यात पाहजो.

हे सगळं करूनही नाही जमलं तर हट्ट नको. अमरावतीला कोणी जात असेल तर सिरियल पोर्टला लागणारा बाहेरचा मोडेम मागव, वापरलेला असला तरी चालेल. बाबांशी मी बोलते. तसल्या मोडेमला ड्रायव्हरच लागत नाही.

तिसरं, पोर्ट. विंडोज ज्याला कॉम१ म्हणतं त्याला लिनक्स 'टीटीवायएस०' म्हणतं, कॉम२ म्हणजे 'टीटीवायएस१'. मोजणी शून्यापासून आहे, एवढं डोक्यात ठेव. यूएसबीचा मोडेम बहुधा 'टीटीवायएसीएम०' म्हणून दिसतो. 'मिनिकॉम' उघड, ते पोर्ट निवड आणि 'एटी' टाइप करून एंटर दाब. 'ओके' उमटलं की मोडेम आणि पोर्ट दोन्ही ठीक आहेत, ती शंका कायमची पुसून टाक. काहीच उमटलं नाही तर पोर्ट चुकलंय किंवा वायर सैल आहे. 'परमिशन डिनाइड' आलं तर तुझं नाव 'डायलआउट' गटात नाही; डेबियनमध्ये तो गट असतो, रेडहॅटकडच्या घराण्यातल्या जुन्या आवृत्त्यांत 'यूयूसीपी'. रूट होऊन नाव घाल आणि एकदा लॉगआउट करून परत ये. रोज रूट होऊन नेट लावायची सवय लावून घेऊ नको माय, घर उघडं टाकून झोपू नये.

चौथं, नंबर फिरवणं. 'डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ' चालव, तो स्वतःच मोडेम शोधतो आणि नंबर फिरवणाऱ्या 'डब्ल्यूव्हीडायल'ची फाइल लिहून देतो. तू फक्त नंबर, युजरनेम आणि पासवर्ड भर. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं लोकांसाठी इंटरनेट उघडलं ते मोठ्या शहरांत. आपल्यासारख्या गावातून तिथं एसटीडी लावावं लागे. नंतर १७२नं सुरू होणाऱ्या नंबराला लोकल कॉल पडू लागला, तेव्हा त्याच्या आधी एसटीडी कोड लावू नको.

मोडेमचा आवाज बंद करू नको. कर्कश वाटतो, पण आपला तपास त्यावरच चालतो. आधी टोन, मग आकडे, मग पलीकडची शीळ, मग फुसफुस. आकड्यांनंतर बाईचा आवाज आला तर नंबर चुकला किंवा लाइन व्यस्त आहे. शीळ येते, बराच वेळ चालते आणि शेवटी 'नो कॅरियर' होतं, तर लाइनीत गोंगाट आहे. १९९८च्या व्ही.९० पद्धतीत ५६ किलोबिटचा वेग आहे, पण त्याला लाइन फार चांगली लागते. 'एटी+एमएस=व्ही३४' देऊन मोडेमला ३३.६वर बसव, वेग थोडा कमी, पण कनेक्शन टिकतं. मेल आणि तुझ्या कॉलेजच्या नोट्सना तेवढं पुरतं.

पाचवं, 'कनेक्ट' दिसलं आणि तरी काही उघडत नाही. इथं हताश व्हायचं काहीच कारण नाही, चार ठिकाणं तू पार केलीस! लॉगची फाइल उघड, 'व्हार-लॉग-मेसेजेस', आणि शेवटच्या ओळी वाच. 'एलसीपी टाइमआउट' असेल तर समोरचा सर्व्हर पीपीपी, म्हणजे फोनवरून नेट जोडायची बोली, बोलायला तयार नाही; डब्ल्यूव्हीडायलच्या फाइलीत 'स्टुपिड मोड = १' लिहून पाहा, मग तो लॉगिनची वाट न पाहता लगेच पीपीपी सुरू करतो. 'ऑथेंटिकेशन फेल्ड' असेल तर पासवर्डातलं लहान-मोठं अक्षर तपास. 'रिमोट सिस्टिम इज रिक्वायर्ड टू ऑथेंटिकेट' असं लांबलचक आलं तर पीपीपीच्या ऑप्शन्समध्ये 'नोऑथ' घाल. नेटवर्क कार्डाचा जुना डिफॉल्ट रूट, म्हणजे ठरलेली वाट, मशीनमध्ये राहिलेला असला की हे होतं, तोही काढ. आणि आकड्याच्या पत्त्याला पिंग लागतो पण नावाला लागत नाही, तर फक्त डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणं, राहिलंय; त्याच ऑप्शन्समध्ये 'यूजपीअरडीएनएस' घाल म्हणजे झालं.

म्हणूनच म्हणते, लिनक्स तुझ्या कामाचं आहे. कुठं अडलं हे लिनक्स लिहून ठेवतं, आणि वाचायला येणाऱ्या मुलीला तेवढं पुरे. ग्नोम आणि केडीई मराठीत दिसावेत म्हणून कितीतरी जण स्वतःचा वेळ घालून भाषांतर करताहेत. तीही आपल्यासारखीच माणसं आहेत, विचारलं की सांगतात. फक्त "लागत नाही" एवढंच विचारू नको. चिप, कर्नल, काय केलं आणि लॉगच्या शेवटच्या ओळी, इतकं लिहून विचार. असा प्रश्न कोणी टाळत नाही.

दोन गोष्टी घरातल्या. काम झालं की कनेक्शन तोडलं का ते पाहा, कारण पल्स मोजत राहतात आणि बिल बाबांना भरावं लागतं. मेल आधी लिहून ठेव, मग जोड. आणि मेळघाटाकडून विजा चमकायला लागल्या की नुसता विजेचा प्लग काढून भागत नाही, टेलिफोनची वायरही मोडेममधून काढ. वीज लाइनीतूनही आत येते आणि मोडेम जाळून टाकते.

लागलं की डब्ल्यूव्हीडायलच्या त्या फाइलीची एक प्रत फ्लॉपीवर ठेव आणि वहीतली पानं फाडू नको. तुझ्या वर्गातली दुसरी कोणी अडेल तेव्हा तिच्या घरी जा, पण करून देऊ नको. कीबोर्ड तिच्यापुढं ठेव, वही तू धर, आणि तिच्या हातानं करू दे.